नऊ ते एक

२ फेब्रुवारी, सोमवार

सुनेने खिळे ठोकले. माझ्या भिंतीत. विचारलं, नाही असं नाही — पण हातात हातोडी घेऊन विचारलं. "आई, इथे फळा लावू ना?" तीन खिळे आत गेलेले, चौथा तोंडात धरलेला. त्यावर काय बोलणार?

कारण काय, तर माझ्या खोलीत उजेड चांगला येतो. तो येतो हे मला घर घेतानाच कळलं होतं, म्हणून तर ही खोली मी ठेवली. घर माझ्या नावावर आहे. पण आजपासून सकाळी नऊ ते एक इथे शाळा भरणार आणि मी स्वयंपाकघरात, स्टुलावर.

दोन्ही नातींना शाळेतून काढलंय. थोरली दहाची, धाकटी सहाची. थोरली रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उलटी करायची. वर्गात बाईंनी भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मुलं हसली, आणि हिने ते पोटात धरलं. आम्हाला छड्या बसायच्या, आम्ही हात चोळत डबा खायचो. एवढ्यावरून सुनेने प्रयोगशाळेतली नोकरी सोडली. लोकांचं रक्त तपासायची, पण नोकरी ती नोकरी. आता बाईसाहेब शिक्षिका झाल्या.

धाकटीला तर काही झालंच नव्हतं. तिला का काढलं? "दोघी एकत्र शिकतील, आई." सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

मुलाला विचारलं, तुला पटतं का. म्हणाला, "करून बघू." लिफ्ट दुरुस्त करतो तो. तिथेही असंच म्हणत असेल तर मी जिनाच चढेन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चार रंगांत वेळापत्रक लिहून चिकटवलं होतं. काल दुपारपर्यंत चाललं. आज डोकावले तर तिघी माझ्या गादीवर लोळत गोष्ट वाचतायत. वेळापत्रकात भूगोल.

"भूगोल?" मी विचारलं.

"गोष्टीत नदी आहे, आजी," धाकटी म्हणाली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लोक म्हणतात म्हातारी दाराला कान लावून असते. कान लावावे लागत नाहीत. निवृत्त होईपर्यंत टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर बसले मी, परगावचे फोन जोडत. दुसऱ्या टोकाचा माणूस खोटं बोलतोय की रडतोय, हे "हॅलो"वरून सांगायचे.

सुनेचे दोन आवाज आहेत. एक फळ्यापुढचा — "सातने भाग जात नाही, दिसत नाही का तुला? कालच शिकवलं ना?" दुसरा आईचा — "रडू नको गं राणी, ये इकडे." दोन्ही एकाच दमात. त्या पोरीने ओळखायचं कसं, आत्ता समोर कोण उभं आहे? चिडलेल्या बाईंची तक्रार घरी जाऊन आईला सांगता येते. इथे बाईही तीच, आईही तीच. तक्रार करायची कुणाकडे?

भागाकार शेवटी आलाच नाही. पावणेबाराला फळा पुसल्याचा आवाज. खडू आपटल्याचाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

मलाही नेलं बागेत. घरी शिकवणाऱ्या आयांची महिन्यातून एकदा बैठक असते म्हणे. मला वाटलं रडगाणी असतील, तर तिथे नुसती आरती ओवाळणी एकमेकींची. एक व्हायोलिनवाली होती. तिचा पोरगा आठ वर्षांचा, ग्रहांवर व्याख्यान देतो, स्वतःचे कपडे स्वतः धुतो आणि पहाटे उठून व्हायोलिन वाजवतो. "आम्ही शिकवत नाही हं, तो आपोआप शिकतो," असं मध चाटत सांगत होती. तिच्या शेजाऱ्यांचं काय होत असेल, कोण जाणे.

आमची थोरली त्या पोरांपासून लांब, बाकावर माझ्या शेजारी बसून राहिली. मी म्हटलं जा, खेळ. "ते सगळे आधीपासून ओळखतात एकमेकांना." तेवढंच.

परत येताना सून पुढे पुढे चालत होती. खांदे उतरलेले. मला बरं वाटलं.

लिहिलंय ते लिहिलंय, खोडणार नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी कचरा टाकायला गेलेली सून बराच वेळ येईना. पाहायला गेले तर दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर बसून बिस्किटं खात होती. एकटी. बादली शेजारी. मला पाहिल्यावर पुडा पाठीमागे लपवला. चाळिशीला आलेली बाई!

मी वर आले. येऊन मुलींना सांगितलं, आई येते आहे.

दहा मिनिटांनी आली, तोंड पुसत. "काय करायचं होतं आपण? हां, झाडाची मुळं."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज भांड्याला भांडं लागलं. थोरली धडा मोठ्याने वाचताना अडखळली आणि धाकटीने, जी खाली बसून मांजर रंगवत होती, मान वर न करता तो शब्द सांगितला. पुन्हा अडखळली, पुन्हा सांगितला. तिसऱ्या वेळी थोरलीने पुस्तक तिच्या डोक्यात घातलं.

धाकटीला कुणी वाचायला शिकवलंच नव्हतं अजून. बहिणीला शिकवताना ऐकून शिकली. आनंदाची गोष्ट खरी, पण सुनेला ना आनंद करता येईना, ना ओरडता. एकीला शाबासकी दिली तर दुसरीला चपराक. शाळेत निदान इयत्तांच्या मधे भिंत असते.

संध्याकाळी मुलाचा मित्र आला. "माझी बायको एकटीने सगळं करते," मुलगा छाती फुगवून सांगत होता. एकटीने करते, कारण तू दहा मिनिटं बसत नाहीस, असं ओठांवर आलं. पण मी का बोलू? ती माझ्या बाजूने कधी बोलते?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

एक वाजता शाळेची बस कोपऱ्यावर थांबते. थोरली पडद्याआड उभी राहते. एक लांब वेणीची मुलगी आधी वर पाहून हात करायची. आता पाहत नाही.

३ मार्च, मंगळवार

जेवताना ठिणगी पडली. धाकटी टेबलाखाली बसून जेवत होती, थोरली पुस्तक पुढ्यात घेऊन. मी म्हटलं, "पोरी जंगलात वाढल्यासारख्या वाढतायत." हे मी पहिल्यांदा म्हटलं असं नाही. धाकटी तर माझी नक्कल करते, हात हलवून. पण आज सुनेने चमचा खाली ठेवला.

"आई, तुम्ही तुमच्या मुलाचा अभ्यास कधी घेतला होतात?"

मी पाळीवर असायचे. सगळ्यांना माहीत आहे. मुलगा शेजारच्या बाईंकडे वाढला, तिथेच जेवला, तिथेच पाढे म्हटले. म्हणून तर हे घर उभं राहिलं.

"म्हणूनच विचारते," ती म्हणाली. "तुम्हाला अनुभव नाही, तर रोज शेरा कशाला?"

मी मुलाकडे पाहिलं. तो हसला! म्हणाला, "सोडा ना दोघी." दोघी. म्हणजे मी आणि ती एकाच तागडीत.

माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर. ठीक आहे.

४ मार्च, बुधवार

खालच्या औषधाच्या दुकानातून फोन केला. घरून नाही; मी कच्च्या गुरूची चेली नाही. दुकानवाली मागे गोळ्या काढत होती. शिक्षण कार्यालयाचा नंबर आधीच पाठ केला होता. घरी शिकवायला परवानगी असते, पण तक्रार आली की माणूस पाठवून पडताळणी करतात, हे मला सुनेच्याच बोलण्यातून कळलेलं.

नाव सांगितलं नाही. सांगायचं ते सांगितलं. एका घरात दोन मुली आहेत, शाळा नाही, शिस्त नाही, बाहेरची माणसं नाहीत. पत्ता दिला.

वर येताना पाय हलके होते. लपवत कशाला.

९ मार्च, सोमवार

सुनेचे वडील न्हाणीघरात पडले. कमरेचं हाड. सकाळीच फोन आला, दुपारच्या गाडीने ती निघाली. आठवडा तरी लागेल, जास्तच. मुलाला रजा नाही. नव्या इमारतीचं काम आहे.

दारात बॅग उचलताना म्हणाली, "आई, फक्त सांभाळा त्यांना. शिकवायच्या भानगडीत पडू नका. मी आल्यावर भरून काढीन."

भानगडीत पडू नका. बरं.

१० मार्च, मंगळवार

नऊला ताटलीवर चमचा वाजवून घंटा दिली. दोघींना रांगेत खोलीत आणलं. दोघींची रांग कसली, पण आणलं. धाकटी खूश. तिला खेळच वाटला. थोरली दारातच उभी.

"तू माझी शिक्षिका नाहीस."

"आज आहे."

"मग आजी कोण?"

बस म्हटलं.

लिहायला सोपं आहे, काय काय झालं ते. धाकटीला काना-मात्रा द्यावी तर थोरली मोकळी, खिडकीत. थोरलीला गणित द्यावं तर धाकटीचं लिहून झालेलं, आता तहान. पाणी दिलं, आता शी. शी झाली तोवर थोरलीचं उत्तर चुकलेलं, आणि का चुकलं ते मलाच कळेना, कारण यांचा भागाकार निराळाच आहे. आम्ही खाली उतरत जायचो, हे लोक बाजूला काहीतरी मांडतात. मी म्हटलं आमच्यासारखं कर. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं साहेबसुद्धा कधी पाहत नसत.

घड्याळ पाहिलं. वाटलं बारा वाजले असतील. दहा वाजून पाच मिनिटं.

१२ मार्च, गुरुवार

आज ती उलट बोलली. मी उत्तर खोडलं तर वही मिटली आणि म्हणाली, "तुला येत नाही तर शिकवतेस कशाला? आई बरोबर म्हणते तुला." काय म्हणते, ते विचारायचं मला सुचलं नाही. माझं डोकं फिरलं होतं.

"उभी राहा. भिंतीकडे तोंड."

राहिली. मुकाट्याने. मला वाटलं, वठणीवर आली. धाकटीचं शुद्धलेखन पाहत होते. पाठ दिसत होती तिची, फ्रॉकची बटणं. मग खांदे एकदोनदा वर गेले. मला वाटलं रडते आहे, रडू दे.

उलटी झाली. भिंतीवर, फरशीवर, पायांवर. धाकटी किंचाळली. मी उठेपर्यंत दुसरी झाली. अंग थंडगार, ओठ पांढरे, आणि ती तशीच उभी! हलली नाही. भिंतीकडे तोंड करूनच उभी, कारण वळ म्हणून मी म्हटलं नव्हतं.

मला वाटायचं ढोंग आहे. अभ्यास टाळायला बोटं घालत असेल घशात, असं मी औषधवालीजवळ बोललेही होते.

धुतलं सगळं. तिला न्हाऊ घातलं, माझ्या गादीवर झोपवलं. डोळे मिटूनच म्हणाली, "आजी, आईला सांगू नकोस."

"का गं?"

"तिला वाटतं मी बरी झाले."

१३ मार्च, शुक्रवार

आज घंटा दिली नाही. कुणी विचारलंही नाही.

१६ मार्च, सोमवार

मुलाने विचारलं, कसं चाललंय. उत्तम, म्हटलं.

नऊला थोरली आपणहून खोलीत येऊन बसली, हात बांधून, आता काय करतेस बघू असं. मी म्हटलं, मला तुमचा भागाकार शिकव. थट्टा नाही, मला खरंच रात्रभर तोच सतावत होता, बाजूला काय मांडतात ते.

तिला विश्वास बसेना. मग खडू घेतला. तासभर शिकवलं मला. तिचा फळ्यापुढचा आवाज म्हणजे थेट आईचा — "दिसत नाही का तुला? आत्ताच सांगितलं ना?" मी चुकले की तिला गुदगुल्या व्हायच्या. मी चुकत होते, मुद्दाम नाही. शेवटच्या उदाहरणात बाकी उरली ती तिची आणि माझी वेगवेगळी. पडताळा केला तर तिचीही चूक निघाली. दोघींनी खोडलं.

शिकवायला लागल्यावर तिलाच कळलं, सातने भाग का जात नाही ते. मी काही केलं नाही. श्रेय घेत नाही आणि सुनेला देतही नाही.

१८ मार्च, बुधवार

आला. कार्यालयाचा माणूस. मी पार विसरले होते म्हणावं तर खोटं, पण इतक्यात येईल असं वाटलं नव्हतं. सडपातळ, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, त्यावरून कळलं की हा सगळं नीट पाहणार.

"घरी आई नाहीत?"

"तिचे वडील आजारी आहेत. गावाला गेली आहे."

"मग शिकवतं कोण?"

"मी."

"आपलं शिक्षण?"

"मॅट्रिक."

त्याने टिपून घेतलं. मग तक्रार सांगितली, मुलींच्या देखत. वाचून नाही, तोंडी. "एका बाईंचा फोन होता. नाव नाही. आवाज अगदी स्वच्छ, शब्द न् शब्द सुटा. पत्ता दोनदा दिला, आकडे एकेक करून. म्हणाल्या, पोरी जंगलात वाढल्यासारख्या वाढतायत."

धाकटी खुदकन हसली. तिला नुसतं ओळखीचं वाक्य ऐकल्याची मजा. पण थोरलीने मान वर केली. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने नजर काढली नाही.

"कोण असेल, कल्पना आहे?" त्याने विचारलं.

"लोकांना उद्योग नसतात," मी म्हटलं.

मग मी बोलत सुटले. सुनेची बाजू मांडली! फळा दाखवला, वह्या दाखवल्या, धाकटीला वाचायला लावलं. शाळेने पोरीला आजारी पाडलं, आईने नोकरी सोडून तिला उभं केलं, सांगितलं. "घरी शिकायला लागल्यापासून पोटाची तक्रार नाही," असंही ठोकून दिलं. थोरली ऐकत होती. गेल्या गुरुवारची फरशी तिने आणि मी दोघींनी पाहिली आहे.

मग तो तिच्याकडे वळला. "बाळ, घरात तुला कुणाचा त्रास होतो का? घाबरू नकोस."

तिने वही मिटली.

"आजीला भागाकार नीट येत नाही," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

तो हसला. म्हणाला, दोघींना चाचणी द्यावी लागेल, जवळच्या शाळेत जाऊन. पास झाल्या तर घरीच शिकू दे. नाही झाल्या तर नव्या वर्षापासून शाळा. सक्तीने.

तो गेल्यावर मी थोरलीला म्हटलं, चल, इतिहास काढ. "आज नको," ती म्हणाली. मी नको तर नको म्हटलं. ती म्हणाली, "उद्यापण नको." मी त्यालाही हो म्हटलं. आली पंचाईत.

२२ मार्च, रविवार

सून आली. वाळलेली, डोळे खोल. मुलाने दारातच चाचणीचं सांगितलं, अक्कल नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही. "कुणी केली तक्रार?"

मग तिने स्वतःच ठरवलं: औषधवाली. तिच्या दुकानात सून दोनदा मुलींना घेऊन गेली होती सकाळच्या वेळी, तेव्हा ती तोंड वाकडं करत होती म्हणे. "मी तिच्याकडून एक गोळी घेणार नाही यापुढे."

मी भाजी निवडत होते. औषधवाली निर्दोष आहे. बोलले नाही.

थोरलीही बोलली नाही. पण जेवताना माझ्या ताटातलं अंडं उचलून खाल्लं, माझ्याकडे बघत.

२६ मार्च, गुरुवार

घरात तिघींची चाचणी चालू आहे. सून पहाटेपासून बसवते पोरींना. थोरलीला उचक्या लागतात मधेच. आज मी दार उघडून आत गेले. म्हटलं, बास. जनावर आहे का ती?

"तुम्ही मधे पडू नका, आई. तुम्हाला तर हेच हवं होतं ना, त्या शाळेत गेलेल्या?"

"मला काय हवं ते तू नको सांगूस."

"मग तुम्ही सांगा. इतकी वर्षं काय हवंय तुम्हाला, मला कळलेलं नाही."

मुली दोघी आमच्याकडे टकामका बघत. मी खोलीतून बाहेर आले. माझ्याच खोलीतून.

२ एप्रिल, गुरुवार

चाचणी झाली. फाटकापर्यंत मीही गेले. सुनेने नको म्हटलं, थोरलीने ये म्हटलं. पोरीचा एक हात पोटावर. सून पिशवीत टॉवेल घेऊन तयार. फाटकाशी पोरगी थांबली. आता होणार, मला वाटलं. सुनेला वाटलं. आम्ही दोघीही तिच्या तोंडाकडे बघत उभ्या.

"तुम्ही अशा बघू नका," ती म्हणाली. "तुम्ही बघता म्हणून होतं."

आम्ही पाठ फिरवली. भर रस्त्यात, दोन बाया, भिंतीकडे तोंड करून. फाटकाची कडी वाजली. वळून पाहिलं तर ती आत गेलेली, धाकटीचा हात धरून.

बाहेर बाकावर सून आणि मी, मधे टॉवेल. एकदा तिने बिस्किटाचा पुडा काढला, एक घेतलं, आणि पुडा मधे ठेवला. माझ्या बाजूला सरकवला नाही. नुसता ठेवला. मी घेतलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

निकाल. दोघी पास. धाकटी तर पुढच्या इयत्तेची म्हणाले. थोरली भाषेत काठावर, गणितात चांगली. घरी शिकवायला हरकत नाही, पुढची पडताळणी वर्षाने.

मुलगा केक घेऊन आला. सून रडली, केक कापताना. मला वाटलं आनंदाने. मग आवाज ऐकला — आनंदाचं रडणं असं खाली खाली जात नाही.

११ एप्रिल, शनिवार

सकाळी भांडी पुसता पुसता सून म्हणाली, "तो फोन तुमचा होता, हे मला आल्या दिवसापासून माहीत आहे. औषधवालीचं नाव घेतलं ते तुमचं तोंड बघायला."

माझ्या हातात बशी होती. ती मी पुसतच राहिले.

"सोमवारपासून मी प्रयोगशाळेत जाणार. सकाळची पाळी, बोलणं झालंय. मला आता नळ्यांशी काम करायचं आहे, त्या उलट उत्तर देत नाहीत. नऊ ते एक मुलींना तुम्ही शिकवायचं."

"मी?"

"तक्रार तुमची. निवारणही तुम्हीच करा."

मुलगा तोंडात दात घासायचा ब्रश धरून दारात उभा. मी थोरलीला गाठलं, खिडकीत होती. विचारलं, तू सांगितलंस ना आईला?

"नाही. ते जंगलाचं वाक्य धाकटीने म्हणून दाखवलं. मला आईने फोनचं विचारलंच नाही. तिने विचारलं, शाळा हवी, आई हवी की आजी हवी."

"मग?"

ती रस्त्याकडेच बघत होती.

"आई जाणार, तू शिकवणार, तरी तूच असं विचारतेस," ती म्हणाली, "म्हणजे तुला अजूनही भागाकार येत नाही."